एका ‘ऱ्या’पायी १९ क्रेडिट

घरात ३१७ पुस्तकं आहेत आणि त्यातली चाळीसेक कायम दुसऱ्यांच्या घरी असतात. कोणाकडे काय गेलंय ते मी एका लांबट वहीत लिहीत आले. वहीत शोधायचं तर तारखेवरून शोधावं लागतं, आणि तारीख आठवत असती तर वही कशाला लागली असती! म्हणून, आपण बोलून सांगायचं आणि त्याने वेब ॲप बनवून द्यायचं, असं एक एआय साधन महिन्याची वर्गणी भरून घेतलं. तीन आठवडे रोज संध्याकाळी त्याच्याशी झटापट केली. त्याचं हे परीक्षण.

मी पेशाने मुद्रितशोधक. कोडची एक ओळ कधी लिहिली नव्हती. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट ही वेबपानं बनवायच्या भाषांची नावं ओळखीची, कारण संगणकाच्या एका पाठ्यपुस्तकाची प्रुफं हाताखालून गेली होती. तेवढंच भांडवल.

लव्हेबल, बोल्ट, रेप्लिट, व्ही-झिरो ही या जातीतली नावाजलेली साधनं. मी कोणतं घेतलं ते लिहीत नाही. या सगळ्या प्रकाराला ‘व्हाइब कोडिंग’ म्हणतात. एआय संशोधक आंद्रेय कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये तो शब्द वापरला आणि त्याच वर्षी कॉलिन्स शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. मूळ टिपणात कार्पाथींनी ही पद्धत वापरून टाकून द्यायच्या, शनिवार-रविवारच्या हौशी कामांना ठीक आहे असं म्हटलं होतं. जाहिरातींतून तेवढं वाक्य गळलेलं दिसतं. आमच्याकडे याला ‘ओळ सुटली’ म्हणतात.

पहिला संदेश मी मराठीतच लिहिला. ‘माझ्या घरच्या पुस्तकांची यादी हवी. कोणतं पुस्तक कोणाला, कधी दिलं, परत आलं की नाही, हे लिहिता आलं पाहिजे. नावावरून शोधता आलं पाहिजे.’ चार मिनिटांत पान तयार. खरंच चार, मी घड्याळ लावलं होतं. वर जांभळ्यातून निळ्यात विरघळणारा पट्टा, गोल कोपऱ्यांचे चौकोन, आणि एका चौकोनात ‘समाधानी वाचक: १,२००+’. हे बाराशे कुठून आले म्हणून विचारलं, तर म्हणे ‘नमुन्यादाखल’. नमुन्यादाखल आठ पुस्तकंही घातली होती, लेखकांच्या नावांसकट. त्यातलं एकही अस्तित्वात नाही. रिकामी जागा दिसली की भरून काढायची, ही या साधनांची खोड. पहिल्याच संदेशात ‘खोटा मजकूर घालू नकोस, जागा रिकामी राहू दे’ असं लिहिलं असतं तर अर्धा तास वाचला असता.

तरीही कबूल करते, त्या चार मिनिटांनी मी भारावून गेले. बटण दाबलं की खिडकी उघडत होती, नाव लिहिलं की यादीत येत होतं. रात्री उशिरापर्यंत पुस्तकं भरत बसले.

मग भाषेकडे लक्ष गेलं. जिला पुस्तक दिलं त्या मैत्रिणीच्या नावावर मथळा होता ‘कर्जदार’. पंधरा दिवस उलटले की नावाशेजारी लाल अक्षरांत ‘थकबाकी’. पुस्तक परत आलं की ‘परतावा’. नोंद पुसायला गेलं की विचारायचं, ‘आपण निश्चित आहात का?’ मी निश्चित कशी असणार, चिंता लावायला हे साधनच पुरेसं होतं! मराठी बिनचूक, शुद्धलेखनाची एक चूक नाही, आणि एकही शब्द माणसाच्या तोंडचा नाही. विचार इंग्रजीत करून मग शब्द बदलले आहेत हे माझ्यापासून तरी लपण्यासारखं नव्हतं.

मी एका कागदावर दोन रकाने आखले. कर्जदार खोडून ‘कोणाकडे’, थकबाकी खोडून ‘बरेच दिवस झाले’, परतावा खोडून ‘परत आलं’, निश्चित आहात का खोडून ‘नोंद पुसायची ना?’ असे सतरा शब्द. एका संदेशात सगळे दिले आणि त्याने सगळे एका झटक्यात बदलले. एकही सुटला नाही. इतकी वर्षं प्रुफं तपासून सांगते, सतराच्या सतरा दुरुस्त्या पहिल्या फेरीत लागल्याचं मी क्वचित पाहिलंय. या कामात साधनाला पैकीच्या पैकी.

पण चार दिवसांनी नवीन पान बनवायला सांगितलं तर कर्जदार परत हजर. मागचं बोलणं लांबत गेलं की त्यातलं जुनं याच्या नजरेबाहेर जातं. प्रत्येक संदेशाबरोबर वाचता येईल एवढ्या मजकुराला मर्यादा असते. उपाय सोपा निघाला: प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये ‘कायमच्या सूचना’ लिहायची जागा होती, तिथे माझे सतरा शब्द डकवले. ही जागा पहिल्या दिवशी शोधावी. मला ती अकराव्या दिवशी सापडली.

आता पहिला मोठा धक्का. लॅपटॉपवर ४१ पुस्तकं भरून झाली होती. फोनवर तोच पत्ता उघडला तर यादी कोरी. पोटात गोळा आला. भाच्याला फोन लावला. तो हेच काम करून पोट भरतो आणि माझ्या या उद्योगाकडे जरा गमतीनेच पाहत होता.

“मावशी, तुझी पुस्तकं लॅपटॉपच्या ब्राउझरमध्येच आहेत. लोकल स्टोरेज म्हणतात त्याला. फोनच्या ब्राउझरला त्याचा पत्ताच नाही.”

“पण हे तर म्हणालं ‘नोंद जतन झाली’!”

“झालीच की. तुझ्या टेबलाच्या खणात झाली.”

लोकल स्टोरेज म्हणजे ब्राउझरने प्रत्येक संकेतस्थळाला दिलेला साधारण ५ एमबीचा कप्पा. ब्राउझरचा साठा साफ केला की तोही जातो. साधनाने खोटं काही सांगितलं नव्हतं. मी ‘कुठूनही दिसलं पाहिजे’ असं म्हटलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. मुरलेला माणूस हा प्रश्न आधी विचारतो. हे साधन मात्र, सांगितलं नाही तिथे सोपं ते धरून चालतं. मग खरा डेटाबेस, म्हणजे कुठूनही पोचता येईल असा माहितीचा साठा, जोडायला सांगितला, पोस्टग्रेस नावाचा. ते काम त्याने वीसेक मिनिटांत केलं आणि ४१ नोंदी तिकडे हलवूनही दिल्या. हलवण्याआधी मी त्या कागदावर उतरवून घेतल्या होत्या. हसू नका.

तारखांचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण ते लवकर उलगडलं. मी ५ मार्चला दिलेलं पुस्तक यादीत ३ मेला दिलेलं दिसायचं, आणि १३ मार्चच्या नोंदीपुढे ‘इनव्हॅलिड डेट’. बारा तारखेपर्यंत चुकीची तारीख, तेरापासून तारीखच नाही, हे लक्षात आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ०५/०३ असं लिहिलं की जावास्क्रिप्ट अमेरिकी पद्धतीने महिना आधी वाचते, आणि तेरावा महिना नसतो. हे मीच साधनाला सांगितलं. ‘अगदी बरोबर पकडलंत!’ म्हणून त्याने दुरुस्त केलं. त्याच बैठकीत दुसरंही निघालं: पानांची संख्या मी मराठी आकड्यांत, २४० अशी लिहिली की बेरजेच्या जागी ‘एन-ए-एन’ उमटायचं, म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’. जावास्क्रिप्टच्या लेखी २४० हे आकडे नाहीत, चित्रं आहेत. आधी इंग्रजी आकड्यांत बदलून मग बेरीज करायला सांगितल्यावर ते मिटलं. या भागाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती ‘ऱ्या’बद्दल.

माझ्याकडे एक प्रवासवर्णन आहे. त्याच्या नावात ‘दऱ्या’ हा शब्द आहे. यादीत पुस्तक डोळ्यांसमोर दिसतंय, शोधाच्या चौकटीत ‘दऱ्या’ लिहिलं की ‘एकही पुस्तक सापडलं नाही’. लॅपटॉपवरून शोधलं की नाही, आणि फोनवरून शोधलं की सापडतं! मी लिहिलं, ‘शोध चालत नाही, दुरुस्त कर.’ त्याने शोधाचा सगळा भाग नव्याने लिहिला आणि कळवलं, ‘समस्या पूर्णपणे सुटली आहे.’ सुटली नव्हती. पुन्हा ‘दुरुस्त कर’. या वेळी त्याने मोठी-लहान अक्षरं सारखी धरण्याची सोय केली. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं! तिसऱ्यांदा शोधाला अर्ध्या सेकंदाचा विलंब लावला. चौथ्यांदा डेटाबेसात नवीन रकाना. सातव्यांदा शोधाचं बटण हिरवं झालं, ते का, हे आजतागायत कळलेलं नाही. प्रत्येक वेळी तोच सूर: आता नक्की, पूर्णपणे, कायमचं. आणि प्रत्येक संदेशाला एक क्रेडिट. माझ्या वर्गणीत महिन्याला शंभर क्रेडिट होते. त्यातले १९ या एका अक्षरावर गेले. साधनाची स्वतःची चूक निस्तरायलाही माझ्याच खात्यातून वजा होतात, हा हिशेब मला अजून पटलेला नाही. छापखान्याची चूक असेल तर दुसऱ्या प्रुफाचा आकार लेखकाला लावत नाहीत.

बाराव्या की तेराव्या फेरीत तर नोंद करायची खिडकीच उघडेना. शोध नीट करताना त्याने चालू असलेली दुसरी गोष्ट मोडली होती. तिथे एक सोय कामी आली: जुन्या आवृत्त्यांची यादी. हवी त्या वेळेची आवृत्ती निवडायची आणि मागे जायचं. प्रोग्रॅमर हे काम गिटने करतात. गिट लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. साधनाच्या आतही बहुधा असलंच काहीतरी असावं, मला फक्त ‘मागे जा’ एवढं बटण दिसतं. काही चांगलं जमून आलं की त्या आवृत्तीला नाव देऊन ठेवायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली. एका आवृत्तीचं नाव आहे ‘हिला हात लावू नये’.

शेवटी भाच्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, त्याला ‘दुरुस्त कर’ म्हणू नकोस. ‘दाखव’ म्हण. ते अंदाजाने गोळ्या देतंय, तू आधी रक्त तपासून घे.”

मी लिहिलं: ‘काहीही बदलू नकोस. डेटाबेसातला ‘दऱ्या’ आणि मी आत्ता चौकटीत लिहिलेला ‘दऱ्या’, दोन्हींतलं एकेक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकासह समोरासमोर मांड.’ (युनिकोड क्रमांक म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी दिलेला नंबर.)

दोन रांगा उमटल्या आणि मी खुर्चीतच सरळ बसले. एका रांगेत द नंतर ०९३१, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य, मग काना. दुसऱ्या रांगेत ०९३०, म्हणजे आपला नेहमीचा र, मग हलन्त, मग २००डी, मग य, मग काना. हा २००डी म्हणजे न दिसणारा जोडक, झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही ‘ऱ्या’ हुबेहूब सारखे. डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी फरक नाही. पण संगणकाच्या दृष्टीने ‘दऱ्या’त पाच अक्षरं एकीकडे आणि सहा दुसरीकडे. नोंद केली होती फोनवरून, शोधत होते लॅपटॉपवरून, आणि दोन्हींचे कळफलक हा अर्धा र वेगवेगळ्या वाटेने काढतात.

आयुष्यभर मी ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक लोकांना समजावत आले. दऱ्या आणि दऱ्या यांतही फरक असू शकतो हे मला एका यंत्राने दाखवलं. मुद्दाम विचारल्यावर दाखवलं, पण दाखवलं.

पुढचं काम एका संदेशाचं. शोधण्याआधी दोन्हीकडचा मजकूर एकाच वळणाचा करून घे: र, हलन्त, जोडक दिसले की त्या जागी ऱ आणि हलन्त धर. झालं. विसाव्या क्रेडिटला ‘दऱ्या’ सापडल्या. तेव्हापासून काहीही बिघडलं की माझा पहिला संदेश ठरलेला: ‘काहीही बदलू नकोस, फक्त दाखव.’ उरलेल्या महिन्यात एकाही दोषावर मला तीनपेक्षा जास्त क्रेडिट घालवावे लागले नाहीत.

हाच ‘दाखव’ आणखी एका ठिकाणी कामी आला, आणि तिथे खेळ नव्हता. यादीत मैत्रिणींची नावं आहेत, फोन नंबर आहेत. म्हणून लॉगिन मागितलं होतं. सुंदर पान आलं, पासवर्ड विचारू लागलं. मी साधनाला विचारलं, ‘माझ्याशिवाय कोणाला यादी दिसेल का?’ उत्तर: ‘नाही, आपली माहिती पूर्णपणे सुरक्षित आहे.’ पूर्णपणे हा शब्द आला की एव्हाना माझे कान टवकारत. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडली, लॉगिन न करता यादीच्या पानाचा थेट पत्ता टाकला. सगळी यादी समोर, नंबरांसकट. लॉगिन म्हणजे पुढच्या दाराला कुलूप होतं आणि मागचं दार सताड उघडं.

भाच्याने नावानिशी सांगितलं काय मागायचं ते: रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे डेटाबेसातली प्रत्येक ओळ कोणाला वाचता येईल हा नियम डेटाबेसानेच सांभाळायचा. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१६ च्या जानेवारीत ९.५ या आवृत्तीबरोबर आली. म्हणजे नवलाईची गोष्ट नाही. मागितल्यावर साधनाने ती पाच मिनिटांत बसवली. मग का आधी नाही बसवली? मागितली नव्हती म्हणून. ज्याला काय मागायचं हेच माहीत नाही त्याच्यासाठी हे साधन विकलं जातं, तिथे हे उत्तर मला चालत नाही. एक तारा मी यासाठीच कापते. भाच्याने नंतर खाजगी खिडकीतून, दुसऱ्या नावाने लॉगिन करून, आणि पत्ता न टाकता थेट डेटाबेसाला विचारून, अशी तिन्हीकडून खात्री केली. दुसऱ्याची माहिती ठेवणार असाल तर एवढा एक तास जाणकार माणसाचा घ्याच. तोवर ॲपचा पत्ता कोणालाही देऊ नये.

किरकोळ गोष्टी: आतल्या आत दिसणारं पान आणि ‘प्रकाशित’ केलेलं पान वेगळं असतं हे कळायला मला दोन दिवस लागले. दुरुस्त्या करत होते आणि मैत्रीण सांगत होती की काहीच बदललेलं नाही. मदतीची पानं बरी आहेत. ग्राहकसेवेला पाठवलेल्या पत्राला यंत्राचं उत्तर आलं, त्यात मी केलेल्या प्रश्नाची पुनरुक्ती होती. सगळा कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या एका संकेतस्थळावर, नेऊन ठेवता येतो, ही सोय घेण्याआधी तपासून पाहा. ती नसेल तर वर्गणी थांबली की आपलं ॲप त्यांच्याच घरात अडकलं.

घ्यावं का? स्वतःपुरतं काही बनवायचं असेल, आणि बिघडलं तर चिडण्याआधी कुतूहल वाटत असेल, तर जरूर. पाच पैकी साडेतीन. पैसे स्वीकारायचे असतील, अनोळखी लोकांची माहिती ठेवायची असेल, तर या साधनाने नमुना बनवावा आणि खरं काम माणसाकडून करून घ्यावं. मला जे ॲप मिळालं ते मी रोज वापरते. गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने दारातूनच विचारलं, “तुझं ते अमुक पुस्तक आहे का घरी?” मी फोनवर पाहून सांगितलं, “नाही, तुझ्याकडेच आहे. बरेच दिवस झाले.”

दुसऱ्या महिन्याची वर्गणी भरली नाही. कोड भाच्याने दुसरीकडे नेऊन ठेवला, तिथे तो चालतो आहे. एक दोष अजून शिल्लक आहे. ‘ॲ’ने सुरू होणारी तीन पुस्तकं यादीत ‘ह’च्याही खाली जाऊन बसतात. कारण आता मला ठाऊक आहे: युनिकोडमध्ये ह ०९३९ वर आहे आणि ॲ मागाहून आल्यामुळे पार ०९७२ वर. एका संदेशाचं काम आहे. पण तीनच पुस्तकं आहेत, आणि तळाशी असली की चटकन सापडतात.